आधी युनिट, मग गाडी, शेवटी पॅनेल : खेड्यातील घरासाठी सौर वीज आणि विद्युत मोटारीचा हिशेब

सौर पॅनेल बसवून देणारा माणूस अंगणात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "महिन्याचे बिल किती येते, भाऊ?" आपणही उत्तर रुपयांत देतो आणि हिशेब तिथूनच चुकायला लागतो. विचारायला आणि सांगायला हवेत ते युनिट, आणि तेही एका महिन्याचे नव्हे, बारा महिन्यांचे. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावात राहतो आणि नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर प्रवास करतो. घराच्या स्लॅबवर पॅनेल आणि दारात विद्युत मोटार, म्हणजे विजेवर चालणारी चारचाकी, या दोन्ही गोष्टी आणण्यापूर्वी मी वहीत जो हिशेब मांडला होता, त्याचीच रीत येथे देत आहे. आधी घराचा वापर काढावा, त्यानंतर गाडीचा, आणि ते दोन्ही आकडे हाती आल्यावरच पॅनेल किती किलोवॅटचे घ्यायचे ते ठरवावे. हा क्रम उलटा झाला की एकतर पॅनेल कमी पडतात, नाहीतर गरजेपेक्षा जास्त पैसे छतावर अडकून बसतात.

घराचे युनिट

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो एका कागदावर महिनावार उतरवून घ्यावा. आपल्याकडे जानेवारीचा आणि मेचा आकडा यांत मोठी तफावत असते, कारण मार्चअखेरीला सुरू झालेला कूलर पाऊस लागेपर्यंत बंद होत नाही आणि त्याच दिवसांत टाकीत पाणी चढवणारी मोटारही जास्त वेळ चालते. केवळ उन्हाळ्याचे बिल दाखवून घेतलेला सल्ला म्हणूनच फसवा ठरतो.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. घरगुती विजेचे दर महिन्याच्या युनिटांप्रमाणे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर अशा चार टप्प्यांत आकारले जातात. महाराष्ट्र वीज नियामक आयोग हे दर वेळोवेळी बदलतो, म्हणून नेमका आकडा आपल्या ताज्या बिलावरूनच घ्यावा. येथे हिशेबापुरता वहन आकारासह (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा आकार धरून) पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये, दुसऱ्याचा ११ रुपये आणि तिसऱ्याचा साडेचौदा रुपये धरतो. त्यावर महिन्याचा स्थिर आकार सुमारे १३० रुपये आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क येते.

सगळी गोम या टप्प्यांत आहे. पोत्यांची थप्पी उतरवताना वरचे पोते आधी खाली येते, तसे सौर विजेमुळे वाचणारे पहिले युनिट हे सर्वांत महागड्या टप्प्यातले असते आणि शेवटचे सर्वांत स्वस्त टप्प्यातले. त्यामुळे एकाच क्षमतेचे पॅनेल दोन शेजाऱ्यांना सारखा फायदा देत नाहीत.

महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल वरील दरांनी सुमारे ७०८ रुपये येते. तेथे १ किलोवॅटचे पॅनेल बसवले तरी स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क मिळून १५१ रुपये भरावेच लागतात, म्हणजे महिन्याला वाचतात ५५७ रुपये. अनुदान वजा जाता ४० हजार रुपये खर्च धरला, तर तो वसूल व्हायला सहा वर्षे लागतात. १६० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल सुमारे १,६१२ रुपये येते. त्या घरावर तेच १ किलोवॅटचे पॅनेल महिन्याला १,१८० रुपयांच्या आसपास वाचवतात आणि खर्च तीन वर्षांच्या आत परत येतो. पॅनेल तेच, ऊनही तेच. फरक फक्त टप्प्याचा आहे.

म्हणून ज्यांचा वापर बाराही महिने १०० युनिटांच्या आत आहे आणि घरात गाडी येण्याची शक्यता नाही, त्यांनी कर्ज काढून पॅनेल घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कमी वापराच्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' या नावाने जादा अनुदानाची योजना आणली आहे. तिच्यात आपण बसतो का, हे जवळच्या वीज कार्यालयात जाऊन आधी विचारावे.

गाडीचे युनिट

गाडीचा हिशेब कंपनीच्या जाहिरातीतील पल्ल्यावरून करू नये. मीटरमधून घेतलेल्या एका युनिटवर गाडी किती किलोमीटर जाते, एवढाच आकडा कामाचा असतो. चार्जिंग होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. ती बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, पण तिचे पैसे मीटर मोजतो. टाटा टियागोसारख्या लहान मोटारीला, उन्हाळ्यात एसी चालू ठेवून आणि गावाकडच्या रस्त्यांवर, मीटरच्या एका युनिटमागे ६ किलोमीटर धरणे सुरक्षित आहे.

माझा महिन्याचा प्रवास २५ दिवसांचा, ५० किलोमीटरप्रमाणे १,२५० किलोमीटर. म्हणजे गाडीला महिन्याला सुमारे २०८ युनिट लागतात. घराचे १६० युनिट त्यात मिळवले की एकूण वापर ३६८ होतो आणि आपण तिसऱ्या टप्प्यात जाऊन पोहोचतो. बिल १,६१२ रुपयांवरून सुमारे ४,५४३ रुपयांवर जाते. म्हणजे गाडीच्या विजेचे २,९३० रुपये, किलोमीटरमागे साधारण २ रुपये ३५ पैसे. "विद्युत गाडी रुपयात किलोमीटर चालते" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते, पण ते पहिल्या टप्प्याच्या दराने केलेले गणित आहे. घराच्या पंखे-दिव्यांनी पहिला टप्पा आधीच व्यापलेला असतो आणि गाडीच्या वाट्याला वरचे महाग युनिट येतात.

तरीही पेट्रोलच्या तुलनेत ही रक्कम कमीच आहे. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपये लिटरचे पेट्रोल धरले, तर तेवढ्याच प्रवासाला ८,२०० रुपये लागतात. म्हणजे पॅनेल नसतानाही महिन्याला सव्वापाच हजार रुपये वाचतात. विद्युत मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा तीन लाखांनी महाग पडली असे मानले, तर हा फरक भरून निघायला पावणेपाच वर्षे लागतात. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत देतात. त्यामुळे हा व्यवहार हमीच्या मुदतीत बसतो.

आता हेच गणित महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्या घरासाठी करून पहा. बाजाराचा दिवस, दवाखाना, एखादे लग्न, महिन्यातून एकदा माहेरी जाणे, एवढाच त्या गाडीचा प्रवास. पेट्रोलचे २,६२५ रुपये, विजेचे साडेआठशे, म्हणजे बचत १,७७० रुपयांच्या आसपास. तीन लाखांचा फरक भरून निघायला चौदा वर्षे लागतील. अशा घराने जुनी पेट्रोल गाडी चालू द्यावी, परवडत असेल तर केवळ पॅनेल घ्यावेत आणि रोजच्या शेत-गाव फेऱ्यांसाठी विद्युत स्कूटरचा विचार करावा. तीन युनिटांच्या आसपास बॅटरी असलेली स्कूटर एका युनिटमध्ये पंचवीस किलोमीटर सहज जाते, साध्या प्लगवर चार्ज होते आणि तिच्यामुळे टप्पाही बदलत नाही. आमच्या गावात ज्यांनी मोटारीऐवजी हा मार्ग धरला, त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

दोन्ही एकत्र, पण वही वेगळी

विदर्भात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात. ३ किलोवॅटचे महिन्याला ३६० युनिट होतात आणि माझ्या ३६८ युनिटांना ते जवळपास पुरतात. बिल ४,५४३ रुपयांवरून २०६ रुपयांपर्यंत उतरते, म्हणजे महिन्याला ४,३०० रुपयांहून थोडे अधिक वाचतात.

'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार रुपये अनुदान मिळते. ३ किलोवॅटला ते ७८ हजार होते आणि त्यापुढे कितीही मोठे पॅनेल लावले तरी वाढत नाही. ३ किलोवॅटचा खर्च १ लाख ८५ हजार धरला, तर खिशातून जातात १ लाख ७ हजार, आणि ते दोन वर्षांच्या थोडे पुढे वसूल होतात. गाडी नसलेल्या त्याच १६० युनिटांच्या घराने २ किलोवॅट बसवून ७० हजार रुपये घातले असते, तर वसुलीला चार वर्षे लागली असती. गाडी घराचा वापर महाग टप्प्यात नेते आणि पॅनेल तोच महाग टप्पा कापून काढतात, म्हणून ही दोन खरेदी एकमेकींना पूरक ठरतात.

येथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. पॅनेल विकणारा पेट्रोलची संपूर्ण बचत पॅनेलच्या खात्यावर मांडतो आणि गाडी विकणारा तीच बचत गाडीच्या खात्यावर. एकच रुपया दोनदा मोजला जातो आणि वर्षभरात सगळे पैसे सुटतील असे वाटू लागते. म्हणून वहीत दोन पाने करावीत. गाडीच्या पानावर पेट्रोल आणि महावितरणची वीज यांतील फरक लिहावा, पॅनेलच्या पानावर महावितरणची वीज आणि छतावरची वीज यांतील फरक लिहावा. पहिल्या पानावरचा व्यवहार त्याच्या स्वतःच्या बळावर तोट्याचा असेल, तर दुसऱ्या पानावरचा नफा दाखवून तो गळी उतरवून घेऊ नये.

छतावरची वीज फुकट असते, असेही कोणी म्हणू नये. १ लाख ७ हजारांत पुढे कधीतरी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बदलावा लागेल त्याचे ३० हजार मिळवले आणि पॅनेलची क्षमता दरवर्षी थोडी कमी होते हे धरून वीस वर्षांत सुमारे ८२ हजार युनिट मिळतील असे मानले, तर एक युनिट १ रुपया ६७ पैशांना पडते. ही वीज स्वस्त आहे, फार स्वस्त आहे; पण तिचे पैसे आपण आगाऊ भरलेले असतात.

चौथा किलोवॅट घ्यावा का, हा प्रश्न मोठी मोटार घेणाऱ्यांना पडतो. त्यावर अनुदान नाही, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण किमतीने करावा आणि वर्षाअखेरीला त्याचे युनिट खरोखर वापरले जाणार असतील तरच तो घ्यावा.

नेट मीटर आणि ३१ मार्च

दिवसा पॅनेल वीज बनवतात तेव्हा माझी गाडी शहरात उभी असते आणि रात्री गाडी चार्ज होते तेव्हा पॅनेल झोपलेले असतात. हा व्यवहार जुळतो तो नेट मीटरमुळे. दिवसाचे जादा युनिट खांबावरच्या तारेत जातात, रात्री तेवढेच परत घेता येतात आणि बिल फरकाचे येते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ही जमा केवळ आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चला जे उरतील त्यांचे पैसे ठरावीक दराने मिळतात आणि तो दर आपण महावितरणला देतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

कूलर सुरू होण्याच्या तोंडावरच थंडीतली पुंजी अशी मोडली जाते. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असल्यामुळे तेव्हा नवी जमा होते आणि तीच जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत, जेव्हा उत्पादन जवळपास निम्म्यावर येते, उपयोगी पडते. म्हणून वर्षाच्या गरजेइतकेच पॅनेल घ्यावेत. "जास्त लावा, महावितरणला वीज विका" हा सल्ला घरगुती ग्राहकासाठी फायद्याचा नाही.

ज्यांना पॅनेल घ्यायचे नाहीत पण गाडी दिवसा घरीच उभी असते, त्यांनी आपल्याकडे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे मीटर, लागले आहे का ते पाहावे. अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली आहे.

लाइन गेल्यावर काय

हा प्रश्न शहरातले लोक विचारत नाहीत, आपण विचारलाच पाहिजे. नेट मीटरवर चालणारा साधा सौर इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो, भर दुपारी बारा वाजता ऊन असले तरीही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते आणि ती योग्यच आहे. मात्र याचा अर्थ असा की दिवसा जितके तास लाइन नसेल तितक्या तासांचे उत्पादन बुडते. ज्या गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवर) दिवसा वारंवार वीज जाते, तेथे दिवसाला ४ ऐवजी ३ किंवा साडेतीन युनिट धरूनच हिशेब मांडावा. शेतातल्या घराची वीज कृषी फीडरवरून येत असेल आणि ती दिवसातून ठरावीक तासच मिळत असेल, तर नेट मीटरचा सगळा आधारच ढासळतो.

हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीलाही जोडता येणारा) आणि बॅटरी लावून घराचे पंखे, दिवे आणि फ्रिज चालू ठेवता येतात. पण गाडी चार्ज करण्यासाठी घरात बॅटरी घेणे मला व्यवहार्य वाटत नाही. पाच युनिटांची घरगुती बॅटरी महाग पडते आणि २४ युनिटांच्या मोटारीचा पाचवा हिस्साही भरत नाही. गाडी ही स्वतःच एक मोठी बॅटरी आहे. ती ८० टक्के भरलेली असताना एक-दोन रात्री लाइन नसली तरी रोजचा ५० किलोमीटरचा प्रवास अडत नाही.

व्होल्टेजची तपासणी मात्र खरेदीपूर्वीच करावी. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर अगदी थोड्या पैशांत मिळतो. आठ दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री त्यावरचा आकडा लिहून ठेवावा. रात्री तो १८० च्या खाली जात असेल, तर चार्जर मध्येच थांबू शकतो. दुपारी तो २५० च्या वर चढत असेल, तर इन्व्हर्टर सारखा बंद पडेल. हा कागद सोबत जोडून गावातील रोहित्राबद्दल (डीपीबद्दल) लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

शेतकरी मित्र एक गोष्ट नेहमी विचारतात : शेतात सौर कृषी पंप बसलेला आहे, त्याच्या पॅनेलवर गाडी चार्ज करता येईल का? त्या पॅनेलची वीज पंपाच्या नियंत्रकातून थेट पंपालाच जाते, ती घरगुती प्लगला चालणारी नसते. तिच्यात परस्पर जोडणी केली तर पंपाची हमीही जाते. कृषीपंपाच्या महावितरण जोडणीवरून गाडी लावणे तर कायद्यानेच अनधिकृत वापर ठरतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी होऊ शकते.

चार्जिंगचा प्लग आणि अर्थिंग

या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैशांचा हिशेब चुकला तर नुकसान होते, पण येथे चुकले तर घर पेटते. घरगुती चार्जिंगसाठी १५ अँपिअरचा प्लग पुरतो. लहान मोटारीची २४ युनिटांची बॅटरी त्यावर आठ-नऊ तासांत भरते आणि रोजच्या ५० किलोमीटरला तर तीन-साडेतीन तासच लागतात. ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर खेड्यातल्या घराला बहुधा लागत नाही. त्यासाठी मंजूर भार, म्हणजे एका वेळी ओढायला महावितरणने परवानगी दिलेली वीज, वाढवावा लागतो आणि कमजोर लाइनवर तो पूर्ण ताकदीने चालतही नाही.

पहिल्या महिन्यात मी ओसरीतल्या जुन्या प्लगवरून वायर ओढून अंगणात गाडी लावली होती. एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून उठून पाहिले, तर प्लगची एक पिन काळी पडली होती आणि भोवतीचे प्लास्टिक बोटाने दाबले जाईल इतके मऊ झाले होते. सॉकेट मिक्सरसाठी बसवलेले होते, आतली वायर बारीक होती आणि जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले होते. मिक्सर पाच मिनिटे चालतो, गाडी पाच तास त्याच्या कितीतरी पट वीज सलग ओढते. त्यानंतर मीटरपासून गाडीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, २० अँपिअरचा वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि औद्योगिक दर्जाचे सॉकेट असे काम करून घेतले. प्रत्येकाने हे काम गाडी येण्याच्या आधी करून घ्यावे, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

मे महिन्यात दुसरी अडचण आली. गाडी चार्जिंग घेईना आणि चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागू लागला. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांमुळे अर्थिंगची सळई मातीपासून सुटली होती. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि अर्ध्या तासाने गाडी चार्ज होऊ लागली. नंतर तो खड्डा मोकळा करून त्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून घेतले, वर पाणी ओतण्यासाठी पाइप ठेवला आणि आता एप्रिलपासून दर आठवड्याला त्यात पाणी जाते. सौर पॅनेलसाठी डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) यांचे तीन वेगळे अर्थिंग खड्डे लागतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला विजा किती पडतात हे सांगायला नको. तिन्ही खड्डे खरोखर खणले गेले की एकातच तीन पट्ट्या टाकल्या, हे स्वतः उभे राहून पाहावे.

छत

प्रत्येक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण २० अंशांचा असावा. पाण्याच्या टाकीची किंवा अंगणातल्या कडुलिंबाची सावली एका पॅनेलवर आली, तरी तिच्यामुळे त्या ओळीतले बाकीचे पॅनेलही मागे पडतात. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता स्लॅबवर जाऊन सावलीच्या कडेला खडूने रेघ मारावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या लांबतात, म्हणून शक्य असेल तर हे काम डिसेंबरात करावे.

आपल्या स्लॅबवर कुरडया आणि मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात माणसे झोपतात. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खालची जागा वापरात राहते, पण त्याचा खर्च वाढतो आणि वाऱ्याचा ताणही. अशा उंच सांगाड्याचे पाय स्लॅबच्या बीम-कॉलमवरच यावेत. टिनाच्या छपरावर पॅनेल लागतात, पण टिनाखालच्या कैच्या किती सशक्त आहेत हे गवंड्याला दाखवून मगच ठरवावे. कौलारू छपरावर लावण्याच्या भानगडीत पडू नये. अंगणात सांगाडा उभा करावा.

उष्णतेचा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो. पॅनेलला ऊन हवे असते, ताप नको असतो. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि आपल्या मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतात, म्हणजे सहावा-सातवा हिस्सा तिथेच जातो. पॅनेल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळती राहील इतके अंतर ठेवणे हाच त्यावर उपाय. धूळ दर पंधरा दिवसांनी सूर्योदयापूर्वी पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, आणि बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर काच लगेच कोरडी करावी, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात. गारपिटीसाठी काचेची चाचणी झालेली असते, तरी लिंबाएवढ्या गारा आपण पाहिलेल्या आहेत, म्हणून घराच्या विम्यात पॅनेल लिहून घ्यावेत. वानरांचा त्रास असलेल्या गावात उघड्या वायरी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमधूनच न्याव्यात.

कागद, दरपत्रक आणि पैसे

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावरून. मीटर अजूनही आजोबांच्या नावावर असते, घराचा नमुना ८ वडिलांच्या नावावर आणि बँकेचे खाते आपले. अनुदान मीटरधारकाला मिळते, म्हणून अर्जाच्या आधी मीटरवरचे नाव बदलून घ्यावे आणि जुनी थकबाकी भरून टाकावी. भावांचे सामायिक घर असेल तर छतावर पॅनेल बसवण्याची लेखी संमती आधीच घ्यावी. वाटणीच्या वेळी हा वाद निघतो.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि १० किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक पाहणीसाठी थांबावे लागत नाही. पॅनेलची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असेल तर भार वाढवून मिळतो, पण त्यानंतर स्थिर आकार किती होईल हे विचारून घ्यावे. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. पोर्टलवर नोंदलेल्या पुरवठादारांपैकी निदान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. पॅनेल किती वॅटचे आणि किती, इन्व्हर्टर कोणता आणि त्याची हमी किती वर्षांची, सांगाड्याचे लोखंड किती जाडीचे, अर्थिंग, नेट मीटरचा खर्च आणि पाच वर्षांची देखभाल हे सर्व त्यात वेगवेगळे लिहिलेले असावे. "सगळे मिळून एवढे" असे दरपत्रक परत द्यावे.

अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते, तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता, सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. पीककर्जाच्या किंवा सोने तारणाच्या पैशांतून हे काम करू नये. पुरवठादाराचा एक हप्ता नेट मीटर चालू होईपर्यंत रोखून ठेवावा. आमच्या ओळखीच्या एका घरी संपूर्ण रक्कम आधी दिल्यामुळे पॅनेल चार महिने नुसते उन्हात उभे होते, आणि मीटरसाठी कोणी फिरकले नाही.

चालू झाल्यावर

नेट मीटर बसले त्या दिवशी त्यावरील घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांचे आकडे मोबाइलवर तारखेसह टिपून ठेवावेत. पहिल्या बिलावर हेच सुरुवातीचे वाचन आले आहे का ते पाहावे. जुन्या मीटरचे अखेरचे वाचन आणि नव्याचे पहिले वाचन यांत गल्लत झाल्याची प्रकरणे घडतात आणि तेव्हा हा एक फोटो उपयोगी येतो. त्यानंतर दर महिन्याच्या एका तारखेला तीन आकडे वहीत लिहावेत : इन्व्हर्टरने बनवलेले युनिट, नेट मीटरचे दोन्ही बाजूंचे युनिट आणि गाडीचे किलोमीटर. जानेवारीच्या अखेरीस जमा युनिटांचा आकडा पाहावा. तो मोठा दिसत असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये शेगडीऐवजी इंडक्शन चालवावे, विद्युत स्कूटर घ्यायचे मनात असेल तर ती तेव्हाच घ्यावी आणि ३१ मार्चपूर्वी ते युनिट घरातच वापरून टाकावेत.